पॉवर्ड एक्सोस्केलेटन: पाऊल उचलताना मशीन थांबतं, मांडीचा पट्टा घसरतो

फिजिओ_गंगापूररोड
मशीन म्हणजे पायांना बांधायची, मोटरने पाय हलवून चालवणारी फ्रेम. पेशंट ६२ वर्षांचे, ४ महिन्यांपूर्वी स्ट्रोक, डावी बाजू गेलेली. धरून उभे राहतात, पाऊल टाकत नाहीत. डाव्या गुडघ्याची स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा) मॉडिफाइड अॅशवर्थ या ० ते ४ च्या मोजपट्टीवर २. पहिली १०-१५ पावलं नीट पडतात, मग डावा पाय उचलताना मशीन एरर देऊन थांबतं. तोवर मांडीचा पट्टा दोन-तीन सेंटिमीटर घसरलेला असतो, नडगीवर लाल वळ. फोर्स लिमिट वाढवू की पट्टा आवळू?

ऑर्थोटिस्ट_नाशिकरोड
दोन्ही नको. आधी मशीनचा सांधा आणि माणसाचा सांधा जुळतोय का बघा. मशीनचा गुडघा एकाच पिनवर फिरतो. आपला वाकता वाकता सरकतही असतो, म्हणून थोडी ओढाताण राहणारच. त्यात फ्रेमची लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर चुकली की दर पावलाला पट्टा कातडीवर घासतो.

स्किन पेनने तीन खुणा करा: ग्रेटर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा बाहेरचा उंचवटा), गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं एपिकाँडाइल (तिथला हाडाचा उंचवटा), बाहेरचा घोटा. मापं बूट घालूनच. बसवून जुळवलं असेल तर उभं करून परत तपासा. कमरेचा बेल्ट सैल असला की उभं राहताच अख्खी फ्रेम खाली बसते आणि आळ येतो मांडीच्या पट्ट्यावर! आधी कंबर, मग मांडी, शेवटी नडगी. नडगीचा वरचा पट्टा फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) डोक्यावर येऊ देऊ नका. तिथे पेरोनियल नर्व्ह कातडीलगत असते, ती दबली तर फूट ड्रॉप (पाऊल वर न उचललं जाणं) आपणच देऊन बसू. मशीन काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली नाही तर पुढचं सेशन नको. संवेदना कमी असेल तर पेशंट ‘दुखत नाही’ म्हणतील, त्यावर विसंबू नका.

न्यूरोरिहॅब_कॉलेजरोड
अलाइनमेंट मान्य, पण गुडघ्याची स्पॅस्टिसिटी २ आहे हे विसरू नका. स्पॅस्टिसिटी वेगावर अवलंबून असते. मोटर गुडघा झटकन वाकवायला जाते, रेक्टस फेमोरिस (मांडीच्या पुढचा स्नायू) उलटा ओढतो, आणि लिमिट ओलांडलं की मशीन थांबतं. थांबतं तेच बरं. लिमिट वाढवलंत तर तो जोर पट्ट्याखालच्या कातडीवर आणि हाडावर येणार.

स्विंगचा (पाय हवेतून पुढे नेण्याचा) वेळ वाढवा, पावलाची लांबी कमी करा. सेशनआधी पालथं झोपवून, नाही जमलं तर कुशीवर, गुडघा सावकाश वाकवत रेक्टस ताणा. जानेवारीत निफाडहून येणाऱ्या पेशंटला सकाळी आठची वेळ देऊ नये, थंडीत पाय आणखी ताठतो. ताठरपणा अचानक वाढला असेल तर मशीन बाजूला ठेवा. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, बेडसोअर, रुतलेलं नख, हे आधी शोधा.

बायोमेडिकल_अंबड
मशीनचा लॉग (एररच्या नोंदी) उघडा. एरर गुडघ्यावर की हिपवर? हिपवर असेल तर बहुधा उजव्या पायावर वजन पूर्ण गेलेलं नाही, किंवा बुटाचं टोक फरशीला अडकतंय. जाड रबरी सोलचे स्पोर्ट्स शूज घातलेत का?

फिजिओ_गंगापूररोड
सोल पातळ आहे. लॉगमध्ये गुडघाच, स्विंगच्या सुरुवातीला. असिस्ट (मोटरची मदत) सध्या पूर्ण ठेवलाय, कमी करू का?

न्यूरोरिहॅब_कॉलेजरोड
आत्ता नाही. विनाएरर चालायला लागले की थोडा थोडा उतरवा, नाहीतर पेशंट नुसते मशीनवर स्वार होतात. आणि हाताने करायची फिजिओथेरपी बंद करू नका. कॉक्रेन या संशोधन-आढावे काढणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात फायदा दिसतो तो तिच्या जोडीला मशीन वापरल्यावर, त्यातही पहिल्या ३ महिन्यांत आणि न चालणाऱ्यांमध्ये जास्त. उभं केल्यावर वरचं बीपी २० नी उतरलं तर त्या दिवशी चालवू नका.