मदत हवी आहे: साखरपुड्याची अंगठी, दोन हिऱ्यांत अडकलोय

मंडळी, साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी घ्यायची आहे. दोन हिरे बाजूला काढलेत, दोन्ही गोल, दोन्हींना जीआयएचं (हिरे तपासून दर्जा ठरवणारी संस्था) सर्टिफिकेट. पहिला १.०० कॅरेट, रंग जे (किंचित पिवळसर), क्लॅरिटी (म्हणजे स्वच्छपणा) एसआय१, पण कट (पैलूंची घडण) नुसता 'गुड'. दुसरा ०.९० कॅरेट, रंग एच (जेपेक्षा पांढरा), क्लॅरिटी व्हीएस२ (एसआय१पेक्षा स्वच्छ), कट 'एक्सलंट'. विक्रेता पहिल्याच्याच मागे लागलाय, 'पूर्ण एक कॅरेट' म्हणून. मला मात्र दुकानातल्या झगझगीत दिव्यांपासून लांब, खिडकीपाशी नेल्यावर दुसराच जास्त जिवंत वाटला. वजनात फरक ०.०२ ग्रॅमचा, व्यासात जेमतेम पाव मिलिमीटर. बोटात घातल्यावर कोणाला कळणार आहे?

आता प्रश्न. पिवळ्या सोन्यात जे रंगाची पिवळसर झाक खरंच लपते का? दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर फ्लुओरेसन्स (अतिनील प्रकाशात चमकणं) 'मीडियम' आहे, त्याने काही बिघडतं का? आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर दहापट भिंगातून जुळवून बघायचाय. हिरा सुटा असतानाच तो बघावा लागतो की कोंदणात बसवल्यावरही दिसतो?

लॅबमधला हिरा नको हे तिने आधीच सांगून टाकलंय, तेव्हा तो सल्ला कृपया देऊ नका. ज्यांनी स्वतः घेतलाय त्यांनी जरूर लिहा.