जपानी ब्रोकेडच्या पर्सवर तेलाचा डाग पडला, धुऊ का? अन करवत काठीची अशी पर्स जमन का?

मोहाडीची शिवणवाली:
नमस्कार मंडळी, मी मोहाडीजवळच्या खेड्यात ब्लाउज-पिशव्या शिवते. भाच्यानं क्योतोवरून चिल्लर ठेवायची पर्स आणली, तळहाताएवढी, वरती टच करून बंद होते ते लोखंडी तोंड. निळ्या कापडावर गोल, गोलात फूल अन भोवती मोत्यांची रांग. मले वाटलं प्रिंट हाय पण बोट फिरवलं तं फूल वर लागते! काल पोरीचा भज्याचा हात लागला अन डाग पडला. साबण चालन का? दुसरं म्हणजे माह्याकडे करवत काठीचे, म्हणजे करवतीच्या दातांसारखा काठ असलेल्या टसर रेशमाच्या साडीचे, तुकडे पडून हाय, त्याच्या अशा पर्स शिवू का?

कापडवेडा:
ताई पाणी-साबण अजिबात लावू नका. डागावर टाल्कम पावडर टाका, रातभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशनं झटका. क्योतोच्या निशिजिन भागातलं असं ब्रोकेड, म्हणजे विणतानाच नक्षी काढलेलं कापड असते, त्यातला अस्सल सोनेरी धागा आपल्या जरीसारखा तारेचा नसते, हातकागदावर उरुशी झाडाच्या चिकानं सोन्याचा वर्ख चिकटवतात अन त्याच्या केसासारख्या पट्ट्या कापून बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात, घालतात, मंग पाणी लागलं का कागदच तो! लहान पर्समधे बहुतेक नकली धागा असते, तरी रिस्क कायले घेता. अन तो मोत्यांचा गोल लय जुना हाय. नारा शहरात तोदाइजी मंदिराचं शोसोइन नावाचं लाकडी भांडार हाय, ७५६ साली शोमु सम्राट वारले तेव्हा राणी कोम्योनं त्यांच्या वस्तू मंदिराले अर्पण केल्या, त्या तिथं जपल्या. तिथल्या कापडावर असे गोल दिसतात. ही नक्षी मूळची इराणच्या जुन्या सासानी राजांच्या काळातली, चीनवरून तिकडं पोचली. तात्सुमुरा हेइझो नावाच्या विणकरानं अशा जुन्या कापडांचा अभ्यास करून ती पुन्हा मागावर विणली, आता तेच नमुने पर्स, कार्डकव्हरवर येतात. मले तं हे वाचून अंगावर काटा आला होता.

विणकराचा पोरगा:
तुकडे वाया घालू नका ताई. आमच्या घरी आडवा धागा नेणाऱ्या तीन धोट्यांवर करवत विणतात, काठाचा धागा अन अंगाचा टसर एकमेकांत अडकवत जावं लागते तेव्हा कुठं ते करवतीचे दात सरळ बसतात, काम लय हळू होते. म्हणून कात्री लावताना दात मधातून कापू नका, पर्सच्या तोंडाजवळ येऊ द्या, लोक पहिले तिथंच पाहतात. टसर लवकर उसवते, कापायच्या आधी मागून फ्युजिंगचं बकरम इस्त्रीनं चिकटवा. तशा तोंडाच्या पर्सले जपानीत गामागुची म्हणतात म्हणे, बेडकाचं तोंड! ते लोखंडी तोंड बहुतेक शिवत नाहीत, त्याच्या खाचेत गोंद लावून कापड घालतात अन कागदाची दोरी दाबून बसवतात.

मोहाडीची शिवणवाली:
पावडरनं डाग पुष्कळ गेला. अस्तराची एक शिलाई उसवून आत पाहिलं तं फुलाच्या मागं रंगीत धागे नुसते लोंबून होते, पिवळा, तांबडा, पांढरा, जिथं वर लागत नाही तिथं खालून पयत जाते. मायबाप, एवढ्याशा फुलासाठी! आता करवतीचे तुकडे दाताप्रमाणं लावून ठेवले, पहिली पर्स मायसाठी करून राहिली. खाचेत कागदाची दोरी किती जाड घेऊ, सुतळीएवढी का बारीक?

विणकराचा पोरगा:
सुतळीच्या अर्ध्यानं. पिळून पाहा, खाचेत घट्ट गेली पायजे.