गावचं घर, सहा कॅमेरे आणि मुंबईतला मोबाईल : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात, आम्ही डोंबिवलीला. आई-बाबा होते तोवर घराची चिंता नव्हती, आता गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घराला कुलूपच असतं. या मे मध्ये सहा कॅमेरे बसवले, अंगण, पडवी, मागचं दार, विहीर, गोठ्याची बाजू आणि गेट. घरात टीव्हीवर मस्त दिसत होते, मोबाईलवर पण दिसत होते, पण एसटी गुहागर स्टँड सोडते न सोडते तोच सगळे गायब. शेजारच्या काकांना फोन केला तर म्हणाले लाईट आहे, राउटरचे दिवे पण लागलेत. मग परत दोन दिवस जाऊन पोर्ट फॉरवर्डिंग केलं (राउटरमध्ये बाहेरून आत यायला दार उघडलं), डीडीएनएस केलं (बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव दिलं), दोन रात्री जागलो, काही उपयोग नाही. कोकणात ज्यांनी ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज लिहा, काय चाललं, काय बंद पडलं, पावसात काय झालं. चार ओळींचा अनुभव असला तरी चालेल.

पावस, रत्नागिरी

दादा, घरच्या वायफायवर दिसत होते आणि बाहेर पडल्यावर गेले म्हणजे ॲपमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकलाय. तो घरातल्या घरातच चालतो. आणि पोर्ट फॉरवर्डिंग चाललं नाही त्याचं कारण बहुतेक सीजीनॅट. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी, म्हणजे नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता बघा, तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी मिळालेलाच नाही, एका पत्त्यामागे नेट कंपनीने अनेक घरं बसवलेली असतात, कारण जुन्या पद्धतीचे आयपी आता पुरत नाहीत. मग तुम्ही तुमच्या राउटरचं दार कितीही उघडा, त्याच्या पुढचं फाटक कंपनीच्या ताब्यात असतं. मला हे कळायला तीन आठवडे लागले, तोवर मी राउटरलाच दोष देत होतो आणि एक नवीन राउटर घेऊन पण बसलो.

यावर सोपा उपाय म्हणजे एनव्हीआरमध्येच (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) असलेलं पी२पी चालू करा, क्यूआर कोड स्कॅन केला की झालं, कारण तिथे एनव्हीआर स्वतः बाहेर कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरला जोडून राहतो, आपल्याला आत यायला दार लागत नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता पण मिळतो, त्याचे वेगळे पैसे भरावे लागतात. मी शेवटी गावच्या घरी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) लावला आणि त्यावर टेलस्केल (दोन ठिकाणं इंटरनेटवरून खाजगी जोडणारं ॲप) टाकलं, सीजीनॅट असलं तरी चालतं, आणि मुंबईत मोबाईलवर ते चालू केलं की गावच्या वायफायवर बसल्यासारखे कॅमेरे दिसतात.

एक कळकळीने सांगतो. स्टॅटिक आयपी घेतलात तरी ५५४, ८००० किंवा ३७७७७ असले कॅमेऱ्याचे पोर्ट (दारं) सरळ इंटरनेटवर उघडे ठेवू नका. २०१६ मध्ये मिराय नावाचा व्हायरस आला होता, तो असेच कॅमेरे आणि डीव्हीआर (हे पण रेकॉर्डिंगचे डबे) शोधायचा आणि कारखान्यातून आलेला ॲडमिन पासवर्ड टाकून आत शिरायचा, पुढे त्याच डब्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये ट्विटर, नेटफ्लिक्ससकट कितीतरी साइट काही तास बंद पाडल्या होत्या. आपल्या पडवीतला कॅमेरा अशा कामाला जुंपला जाऊ नये. पासवर्ड आजच बदला, फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

राजापूर, आंब्याची बाग

बागेत केबलचं नेट नाही म्हणून सिमवाला राउटर लावलाय. रोज २ जीबी मिळतात. सुरवातीला चारही कॅमेरे मोठ्या क्वालिटीत लावून बसायचो आणि दुपारपर्यंत डेटा संपायचा, मग रात्री, म्हणजे खरी गरज असते तेव्हा, आंधळं. आता फक्त सब-स्ट्रीम, म्हणजे कमी क्वालिटीचं चित्र बघतो, ५१२ केबीपीएसला एका कॅमेऱ्याचे तासाला साधारण २३० एमबी जातात, चार एकदम लावले तर २ जीबी सव्वादोन तासात खलास, त्यामुळे एकेकच उघडतो आणि चटकन बंद करतो. मोठ्या क्वालिटीचं रेकॉर्डिंग तिथेच खोलीतल्या हार्ड डिस्कवर होतं, त्याला डेटा लागत नाही. एप्रिलमध्ये पेट्या भरायच्या वेळेला याचा फार उपयोग झाला, राखणदाराला रात्री दोन वाजता फोन करून सांगता आलं की वरच्या कोपऱ्यातल्या कलमाखाली बॅटरीचा उजेड दिसतोय, तो गेला तर दोघंजण पोतं टाकून पळाले. चौदा-पंधरा डझन फळ होतं त्यात.

चिपळूण, बाजारपेठेजवळ

२२ जुलै २०२१. मी पुण्याला होते, आई-बाबा वरच्या मजल्यावर. पहाटे मोबाईल उघडला तेव्हा पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं आणि बाबांची स्कूटर आडवी होऊन तरंगत दारापर्यंत आली होती. ते एक चित्र, तेवढंच. पुढे स्क्रीन काळी. डीव्हीआर जिन्याखालच्या कपाटात होता, राउटर पण तिथेच, दोन्ही बुडाले आणि त्याबरोबर सगळं रेकॉर्डिंग गेलं. त्यानंतर आई-बाबांचा आवाज ऐकेपर्यंतचे तास मी कसे काढले ते मला लिहिता येणार नाही.

आता डीव्हीआर, राउटर, इन्व्हर्टर सगळं वरच्या मजल्यावर, आणि राउटरला दुसरं सिमचं कनेक्शन. पूररेषेत ज्यांची घरं आहेत त्यांनी हे सगळ्यात आधी करा, ॲप कुठलं आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते नंतर बघा.

हर्णै, दापोली

निसर्ग वादळात, ३ जून २०२०, आमच्याकडचे खांबच झोपले, कित्येक दिवस लाईट नव्हती, तिथे कॅमेऱ्याचं काय घेऊन बसता. पण रोजची जी तास-दोन तास लाईट जाते त्यासाठी राउटरला आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा युपीएस लावा. आम्ही फक्त एनव्हीआर इन्व्हर्टरवर घेतला होता आणि राउटर साध्या सॉकेटवर राहिला होता, रेकॉर्डिंग चालू पण बाहेरून दिसत नाही असं वर्षभर चाललं होतं.

मालवण

माझी आई एकटी राहते, वय ७९. भावाने हौसेने पाच कॅमेरे लावले, त्यातला एक माजघरात. आठ दिवसांनी मी ॲप उघडलं तर माजघरात नुसतं पांढरं दिसतंय. शेजारच्या आक्का जाऊन आल्या आणि फोनवर म्हणाल्या, "गो, तुजो क्यामेरो आंधळो झालो हा, आवशीन वर टॉवेल टाकल्यान." आईला विचारलं तर आधी काही बोलली नाही, मग म्हणाली की मी केस सोडून बसते, कधी पदर नसतो, मला कोणीतरी बघतंय असं सारखं वाटतं. मला खूप वाईट वाटलं, आम्ही तिला विचारलंच नव्हतं. तो कॅमेरा त्याच दिवशी काढला. आता पडवी, मागचं दार आणि गेट एवढेच, आणि सकाळी आई तुळशीला पाणी घालताना दिसली की माझा दिवस सुरू होतो. धाग्यातल्या दादांना एक विनंती, तुमचा विहिरीवरचा कॅमेरा शेजारच्या बायका जिथे धुणं धुतात तिकडे वळलेला नाही ना बघा, सेटिंगमध्ये तेवढा भाग काळा करता येतो.

वेंगुर्ले

समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, दोन वर्षात बीएनसी कनेक्टर (कॅमेऱ्याच्या वायरीचे जोड) हिरवे पडून हाताने मोडले. आता प्रत्येक जोड प्लॅस्टिकच्या बंद डबीत, वरून सिलिकॉन, आणि डबीत शिरायच्या आधी वायरीला खाली झोल, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता खाली गळतं. आणि कोळी! रात्री कॅमेऱ्याच्या लाल दिव्यांवर किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो, वाऱ्याने जाळं हललं की मोबाईल वाजतो, एका रात्रीत दोनशे-तीनशे नोटिफिकेशन. कॅमेऱ्याचं इन्फ्रारेड बंद करून चार-पाच हात बाजूला साधा एलईडी बल्ब लावला, किडे तिकडे गेले.

संगमेश्वर

ऑक्टोबरमध्ये गेटजवळच्या माडावर वीज पडली. गेट ते घर ७० मीटर कॅट६ केबल, तिच्यातून झटका आत आला आणि गेटचा कॅमेरा, पीओई स्विच (नेटच्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीज देणारा डबा), एनव्हीआर, राउटर सगळं एका दमात गेलं, चाळीस हजाराच्या वर नुकसान. आता गेटपर्यंत फायबर टाकलीय, दोन टोकाला मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साध्या केबलशी जोडणारे डबे). काच असते, वीज वाहत नाही. पण फायबरच्या केबलमध्ये आधाराला पोलादी तार असते ती घरात आणू नका, बाहेरच छाटा, हे मला पण मागाहून कळलं.

अलिबाग

ज्याने कॅमेरे लावले त्याने ते स्वतःच्या अकाउंटवर रजिस्टर केले आणि आम्हाला नुसते शेअर केले. पुढे त्याने नंबर बदलला. म्हणजे आमच्या घराचं मालकी हक्काचं ॲप त्याच्या मोबाईलमध्ये आणि आम्ही पाहुणे! बिल आणि एनव्हीआरवरच्या सिरियल नंबरचा फोटो पाठवून कंपनीकडून ते सोडवून घेतलं, पंधरा दिवस गेले. कॅमेरेवाला घरात असतानाच ओनर म्हणून आपला नंबर आहे ना ते उघडून बघा, मगच पैसे द्या.

लांजा

एकाच कंपनीचे दोन सुटे कॅमेरे घेतले, दोन्हींचा आयपी कारखान्यातूनच १९२.१६८.१.१०८, त्यामुळे कधी हा दिसायचा कधी तो. एकेक जोडून पत्ता बदलला, सुटला प्रश्न.

धागा काढणारा, परत

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या शनिवारी गावाला गेलो, वॅन आयपी बघितला, १००.७८ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅटच. पोर्ट फॉरवर्डिंग सगळं पुसून टाकलं, पी२पी चालू केलं, ओनर माझाच नंबर आहे ते तपासलं, पासवर्ड बदलून चिठ्ठीवर लिहून काकांच्या ट्रंकेत ठेवला. मालवणच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते खरं निघालं, विहिरीचा कॅमेरा पलीकडच्या धुण्याच्या दगडावरच होता, काकूंना कधीपासून ते खटकत होतं पण बोलल्या नव्हत्या. त्यांच्यासमोरच वळवला.

आज सकाळी पावणेसहाच्या लोकलमध्ये मोबाईल उघडला, सहाच्या सहा दिसले. पडवीत काका आमच्या अंगणातला फणसाचा पाचोळा गोळा करत होते. ते रोज करतात हे मला माहीतच नव्हतं.