आरएक्स-८ : नवे प्लगही काळे पडताहेत, इंजिन उघडण्याआधी काय तपासू?

भिरभिरं :
नमस्कार मंडळी. गाडी २००४ची माझदा आरएक्स-८, मॅन्युअल. सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, आयडलला (उभी असताना, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) थरथरते आणि पेट्रोल फार खाते. गॅरेजमध्ये चारही स्पार्क प्लग बदलून घेतले, थोडे दिवस बरे गेले आणि परत तेच. काढून पाहिले तर टोकं काळी. आता ते म्हणतात, कॉम्प्रेशन (इंजिनाच्या आतला दाब) गेलंय, इंजिन उघडू. रोजचं जाणं-येणं जवळचंच आहे. तापमानाचा काटा बरोबर मध्यावर असतो. घरच्या घरी काय बघता येईल?

तीनकोनी :
इंजिन उघडायची घाई अजिबात नको. आधी सांगा, काळं म्हणजे कसं? बोटाला कोरडी काजळी लागते, की टोक ओलं आहे? ओलं आणि पेट्रोलचा वास असेल तर इंजिन फ्लड होतंय, म्हणजे आत पेट्रोल साचतंय. चकचकीत, तेलकट असेल तर गोष्ट वेगळी. पण रोटरीत (तुमच्या गाडीच्या इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात) एपेक्स सीलना, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना, वंगण मिळावं म्हणून मुद्दामच थोडं ऑइल आत सोडलेलं असतं, तेव्हा किंचित तेलकटपणा दिसला म्हणून घाबरू नका.

भिरभिरं :
कोरडी काजळी. चारही प्लगना जवळपास सारखीच.

वंगण :
"चारही सारखीच" हे फार महत्त्वाचं आहे. दोन रोटर, प्रत्येकाला खाली लीडिंग आणि वर ट्रेलिंग असा एकेक प्लग. एकच प्लग काळा असता तर त्याची कॉइल किंवा वायर बघायला सांगितलं असतं; चारही कॉइल एकसारख्या असतात, अदलाबदल केली की काजळी कॉइलबरोबर सरकते का ते कळतं. एकाच रोटरचे दोन्ही काळे असते तर गळका इंजेक्टर किंवा त्या रोटरचं कॉम्प्रेशन. चारही काळे म्हणजे कारण सगळ्यांना सामाईक आहे : मिश्रण रिच होतंय (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) किंवा इंजिन पुरेसं तापतच नाहीये.

रोटरीचा प्लग शाफ्टच्या प्रत्येक फेरीला ठिणगी देतो आणि जळण कायम हाउसिंगच्या त्याच बाजूला होतं. एवढं तापूनही काजळी साचत असेल तर नुसते प्लग बदलून काही होणार नाही. एकदा प्लगवरचे नंबर मात्र वाचा. लीडिंगला एनजीकेचा आरई७सी-एल, ट्रेलिंगला आरई९बी-टी. ९ हा थंड प्लग, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. तो चुकून लीडिंगला बसला तर काजळी धरणारच.

आता तुमचा काटा. या गाडीत तो बराच मोठा पट्टा मध्यावरच थांबून राहतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा आणि मोकळ्या रस्त्यावर चालवताना कूलंटचा आकडा बघा. थर्मोस्टॅट (कूलंटचा रेडिएटरकडचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह) साधारण ८२ अंशाला उघडतो. तो उघडाच अडकला असेल तर इंजिन थंड राहतं आणि कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल देत राहतो. त्याच वेळी लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा. बराच उणे असेल तर आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरकडेही संशय जातो.

आणि कॉम्प्रेशन गेलंय हे ठरवलं कशावरून? साध्या गेजवर एका रोटरच्या तीन चेंबरपैकी (रोटरच्या तीन बाजूंच्या पोकळ्यांपैकी) सगळ्यात जास्त दाबाचाच आकडा दिसतो. रोटरीचा खास टेस्टरच हवा. स्टार्टरवर २५० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) किमान ६८० केपीए (दाबाचं एकक), आणि एका रोटरच्या तीन चेंबरमध्ये १५०च्या वर फरक नको. हा कागद हातात आल्याशिवाय कुणालाही इंजिन उघडू देऊ नका.

सोनचाफा :
प्लग वायर ब्रशने घासू नका, इरिडियमचं टोक खराब होतं. आणि पार्किंगमधून जरा बाहेर काढून लगेच बंद करणं टाळा. न जळलेलं पेट्रोल सीलवरचं ऑइल धुऊन टाकतं, कॉम्प्रेशन पडतं, मग स्टार्टर मारत बसावं लागतं. तसं झालंच तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून क्रँक करा, म्हणजे स्टार्टर मारा, इंजेक्शन बंद राहतं.

भिरभिरं :
नंबर बरोबर निघाले. स्कॅनर लावून हायवेवर गेलो, आकडा ६४च्या पुढे जाईना आणि काटा मात्र मध्यावर! थर्मोस्टॅट काढला तर थंड असूनही उघडाच. नवीन बसवला, आता ८०च्या वर स्थिर राहतो. आयडल बराच शांत झालाय. टेस्टरवाला कोणी मिळाला की कॉम्प्रेशनचे आकडे इथेच टाकतो.

वंगण :
उत्तम. आता गाडी पूर्ण तापल्यावर रोज थोडा वेळ वरच्या आरपीएमला पळवा, उरलेली काजळी जळेल. आकडे टाकताना सहाही चेंबरचे टाका आणि क्रँकिंगचा आरपीएमही लिहा. स्टार्टर सुस्त असेल तर धडधाकट इंजिनही कमी दाब दाखवतं.