द्रव्य–प्रतिद्रव्याची ‘विषमता’, ‘असममिती’ की सरळ ‘डावं-उजवं’?

मंडळी, एका फलकापुरती मदत हवी आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, इथे इंदूरला आमच्या मराठी मंडळात माझी भाची बोलणार आहे. विषय तिने इंग्रजीत पाठवला आणि वर म्हणाली, ‘मावशी, मराठी तू कर.’ मी केलं: ‘जड मेसॉनांच्या विघटनातून पदार्थ–प्रतिपदार्थ विषमतेचे मापन.’ आईला वाचून दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न: ‘प्रतिपदार्थ म्हणजे उपासाचा का?’

चूक तिची नाही. आम्ही शाळा शिकलो हिंदीत, तिथे ‘पदार्थ’ पाठ्यपुस्तकातला. घरी मराठीत मात्र पदार्थ म्हटलं की इथल्या सराफ्यात (सराफांच्या पेठेत रात्री खाऊगल्ली भरते) रात्री दहानंतर जे मिळतं ते. तेव्हा ‘द्रव्य’ आणि ‘प्रतिद्रव्य’ हे मी मान्य केलंय. विघटन, विषमता आणि मापन या तिन्हींबद्दल मात्र खात्री नाही. सांगा.

प्रतिसाद

‘प्रति’वरच थोडं थांबा. प्रतिहल्ला म्हणजे उलटा हल्ला, पण प्रतिपंढरपूर म्हणजे पंढरपूरच्या विरोधातलं गाव नव्हे, त्याच्यासारखंच दुसरं. प्रतिदिन तर तिसराच अर्थ. मग प्रतिद्रव्य यातलं कुठलं? शिवाय करोनाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत अँटिबॉडीलाही प्रतिद्रव्य म्हटलेलं मी वाचलंय. श्रोते लस टोचून घ्यायला यायचे.

भाची (मावशीच्या फोनवरून)

दोन्ही अर्थ लागू पडतात, म्हणून मला हा शब्द इंग्रजीपेक्षा आवडतो. प्रतिकणाचं वस्तुमान मूळ कणाइतकंच असतं, आयुष्यही तितकंच, इथपर्यंत तो प्रतिपंढरपूर. विद्युत्भार उलटा, आणि समोरासमोर आले की दोघंही नाहीसे होऊन ऊर्जा उरते, हा प्रतिहल्ला. १९३२मध्ये कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला, तो इलेक्ट्रॉनचा असाच जोडीदार.

विघटन मात्र नको. विघटन म्हणजे घटक सुटे होणं. बी-मेसॉन या अल्पायुषी कणापासून केऑन आणि पायॉन हे हलके कण निघतात, पण ते आधी त्याच्या पोटात नव्हते. क्वार्कची, म्हणजे मेसॉन ज्यांचा बनतो त्या मूलकणांची, जातच बदलते आणि नवे कण जन्मतात. ‘फुटतो’ म्हणण्यातही तीच गफलत.

प्रतिसाद

मग ‘क्षय’ म्हणा, वैज्ञानिक परिभाषेत तो आहेच. अर्थात आमच्या पिढीला क्षय म्हटलं की खोकला आठवतो. आणि क्षय हळूहळू होतो, झिजत झिजत. तुमचा मेसॉन झिजतो का?

भाची

नाही काका. तो असतो तोवर धडधाकट असतो आणि एका क्षणी नसतो. म्हातारपण नाही. सरासरी आयुष्य दीड पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातले दीड.

मावशी

इथे मला पंचांग आठवलं. क्षयतिथी काही झिजलेली नसते. एका सूर्योदयानंतर सुरू होते आणि दुसऱ्या सूर्योदयाआधी संपते, म्हणून तिच्या वाट्याला सूर्योदयच येत नाही. वाराशेजारी तिचं नाव लागत नाही, पण गणिताने ती होती हे पक्कं. भाचीला विचारलं, तुझा मेसॉन प्रत्यक्ष दिसतो का गं? म्हणाली, कॅलिफोर्नियातल्या स्लॅक किंवा जपानमध्ये त्सुकुबाच्या केक या प्रयोगशाळांमध्ये तो सरासरी पाव मिलिमीटरच्या आसपास जातो. कण ज्या नळीतून धावतात तिच्या भिंतीपर्यंतही पोचत नाही, डिटेक्टर तर त्याच्याही पलीकडे. पोचतात ती त्याची पिल्लं. त्यांच्या वाटा उलट्या मागे नेऊन तो कुठे संपला ते काढतात. म्हणजे क्षयतिथीच झाली! माझं मत ‘क्षय’ला, खोकल्यासकट.

प्रतिसाद (निवृत्त, कॅट म्हणजे इंदूरचं प्रगत तंत्रज्ञान केंद्र)

‘जड मेसॉन’ हीसुद्धा गंमतच आहे. मेसॉन हे नाव ग्रीकमधल्या ‘मधला’ या शब्दावरून आलं: इलेक्ट्रॉनपेक्षा जड, प्रोटॉनपेक्षा हलका. बी-मेसॉन प्रोटॉनच्या साडेपाचपट भरतो. मधला मुलगा थोरल्यापेक्षा दांडगा निघाला, तरी घरात हाक तीच. आता व्याख्या वजनावर नाही, एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांची जोडी म्हणजे मेसॉन.

आणि ताई, व्याख्यानात इंदूरचं नाव घ्या. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या एलएचसी या कण-त्वरकातली चुंबकं ज्या जॅकवर तोलून धरलीत, ते भारतातून गेलेत, आणि त्या कामात आपलं कॅट होतं. एलएचसीबी नावाचा प्रयोग त्याच बोगद्यावर बी-मेसॉन मोजतो. कॅट रोडवरून रोज जाणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं.

गणिताच्या बाई

‘मापन’ काढा, ‘मोजमाप’ लिहा. हिंदीत गिनना वेगळं, नापना वेगळं. मराठीत मोजणं दोन्हीकडे चालतं: पैसेही मोजतो, जमीनही मोजतो. या प्रयोगात नेमकं काय करतात?

भाची

बाई, अगदी पैसे मोजल्यासारखं मोजतात. स्लॅकच्या बाबर प्रयोगाने २००४मध्ये वीस कोटींहून जास्त बी–प्रतिबी जोड्या तपासल्या. बी-मेसॉनचा क्षय धन केऑन आणि ऋण पायॉनमध्ये होतो, प्रतिबीचा त्याच्या उलट, ऋण केऑन आणि धन पायॉनमध्ये. केऑनच्या भारावरून आईबाप ओळखायचे. पहिल्या प्रकारचे क्षय मिळाले ९१०, दुसऱ्या प्रकारचे ६९६. वजाबाकी २१४, बेरीज १६०६. वजाबाकीला बेरजेने भागलं की सुमारे १३ टक्के. पुढे जास्त माल हाती आल्यावर आकडा ८ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. निसर्गाला दोघं सारखेच असते तर शून्य यायला हवं होतं.

प्रतिसाद

मग ‘विषमता’त काय वाईट आहे?

मावशी

विषमता म्हटलं की गरीब-श्रीमंत आठवतं, किंवा विषम संख्या, विषम हवामान. ‘असममिती’ अचूक आहे, कारण भूमितीत आपण सममिती शिकलोच (इथली मुलं हिंदीच्या सवयीने शेवटची ‘ति’ ऱ्हस्व काढतात, फलक रंगवणाराही काढेल). पण असममिती म्हणताना कवळी हलते, हे आईचं मत.

आईचाच दुसरा शेरा जास्त कामाचा निघाला. भाचीने तिला सांगितलं, आजी, निसर्ग आरशातल्या प्रतिमेला खऱ्यासारखं वागवत नाही. आई म्हणाली, ‘म्हणजे डावं-उजवं करतो.’

भाची

मी उडालेच! चिएन-शिउंग वू यांनी कोबाल्ट-६०वर प्रयोग केला आणि १९५७मध्ये तो जाहीर झाला, त्याचं याहून नेमकं वर्णन मी करू शकले नसते. किरणोत्सर्गी क्षयातले इलेक्ट्रॉन एका बाजूला जास्त जात होते, आरशातल्या जगात ते दुसऱ्या बाजूला गेले असते. इंग्रजीत ‘पी’ अक्षराने ओळखतात तो, खऱ्याला आणि आरशातल्याला सारखं वागवण्याचा नियम मोडला, तो हाच. ‘सी’चा नियम कण आणि प्रतिकण यांना सारखं वागवण्याचा.

गणिताच्या बाई

तोही मोडत असेल तर त्याला मराठीत शब्द तयार आहे: आपपरभाव.

भाची

मोडतो! असे क्षय घडवणाऱ्या क्षीण बलात दोन्ही मोडतात. मग शास्त्रज्ञांनी समजूत घातली की आपलं-परकं आणि डावं-उजवं एकदम उलटवलं तर हिशेब जुळेल. १९६४मध्ये जेम्स क्रोनिन आणि व्हॅल फिच यांनी ब्रुकहेवनला बघितलं, तर दीर्घायुषी केऑन साधारण पाचशेत एकदा दोन पायॉनमध्ये जात होता. ती जोडसममिती (सी आणि पी मिळून ‘सीपी’) खरी असती तर एकदाही जायला नको होता. १९७३मध्ये कोबायाशी आणि मास्कावा यांनी कारण सुचवलं, त्यासाठी सहा जातींचे क्वार्क लागत होते. तेव्हा तीनच माहीत होते. २००१मध्ये बाबर आणि केकच्या बेले प्रयोगाला बी-मेसॉनमध्येही हा भेद दिसला आणि २००८मध्ये कोबायाशी आणि मास्कावा यांना नोबेल मिळालं. एलएचसीबीला तो २०१९मध्ये चार्म जातीचा क्वार्क असलेल्या मेसॉनमध्ये दिसला, तिथे दहा हजारांत पंधराच्या आसपास इतका बारीक, आणि २०२५मध्ये प्रोटॉनच्या गोतातल्या एका बॅरिऑनमध्ये.

एवढा आपपरभाव विश्वाला मात्र पुरत नाही. सुरुवातीला दर अब्ज जोड्यांमागे साधारण एक कण जास्त उरला, त्याचे आपण. १९६७मध्ये साखारोव्ह यांनी त्यासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत हा भेदही आहे. मोजलेला भेद त्या एका कणाचंही देणं फेडत नाही, फार तोकडा पडतो. उरलेला कुठे आहे हे अजून शोधतायत.

प्रतिसाद

‘सीपी उल्लंघन’ म्हणायचं की ‘सीपी भंग’?

मावशी

उल्लंघन. दसऱ्याला सीमोल्लंघन करतो तेव्हा सीमा जागेवर राहते, आपण ओलांडतो. भंग झाल्यावर मूर्तीत काही शिल्लक राहत नाही. इथे नियम बहुतेक ठिकाणी शाबूत आहे, म्हणून ‘भंग’ फार होतो.

तर फलक ठरला: ‘निसर्गाचं डावं-उजवं: जड मेसॉनांच्या क्षयातून द्रव्य–प्रतिद्रव्य असममितीचं मोजमाप’. व्याख्यानानंतर उसळ-पोहे, जिरावण घालून. पदार्थ या शब्दाची भरपाई.

प्रतिसाद

‘मेसॉनांच्या’ की ‘मेसॉनच्या’? आपण ‘स्टेशनांवर’ म्हणतो, पण ‘टेबलफॅनांचा’ वारा खात नाही.

गणिताच्या बाई

रंगारी सांगतो, ओळ मावत नाहीये. ‘मेसॉनच्या’ करा, एक अनुस्वार आणि एक काना वाचेल.