बाल्फोर रिट्रॅक्टरवर तांबूस ठिपके: गंज की नुसता डाग? मदत हवी आहे

नमस्कार. डिचोली तालुक्यातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये ओटी सिस्टर आहे. आठवड्याला तीन-चार सिझर, मध्येच एखादा हर्निया. ओटी सांभाळायला मी आणि एक मावशी, बस्स.

पावसाळा लागल्यापासून रिट्रॅक्टरवर (ऑपरेशनात कापलेल्या जागेच्या कडा बाजूला धरायचं हत्यार) तांबूस ठिपके दिसतायत. लँगेनबेकच्या दांड्यांवर थोडे, डॉयनच्या पात्यावर एकच. बाल्फोरची मात्र दशा झालीय. बाजूची पाती जिथे सरकतात तिथे आणि मधल्या पात्याच्या स्क्रूखाली ठिपकेच ठिपके. (ओटीबाहेरच्यांसाठी: लँगेनबेक, डॉयन हातात धरून बसावे लागतात. बाल्फोर पोटात बसवला की स्वतःच कडा फाकवून धरतो. आमच्यासारख्या माणसं कमी असलेल्या ठिकाणी तो एका माणसाचं काम करतो.)

परवा गर्भाशय काढायच्या केसमध्ये तो अर्ध्यावरच अडकला. शेवटी एका हाताने डीव्हर (हातात धरायचा रिट्रॅक्टर) धरून दुसऱ्या हाताने मी सामान देत राहिले. वर "नीट पुसत नाही तुम्ही" हेही ऐकलं.

आमची पद्धत: केस झाली की सगळं हायपोच्या, म्हणजे क्लोरीनच्या पाण्याच्या बादलीत. नियम १० मिनिटांचा, पण रात्रीची केस असली तर सकाळपर्यंत तसंच राहतं, खोटं कशाला बोलू. मग ब्रशने घासून बोअरच्या पाण्याने धुवायचं, पुसायचं आणि ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), १२१ डिग्रीला २० मिनिटं. बोअरचं पाणी असं की बादलीच्या तळाला चहा सांडल्यासारखा थर बसतो. माझा संशय पाण्यावर आहे. मावशी म्हणते, हवाच तशी, ड्रम उघडला की कापडसुद्धा ओलसर लागतं.

गंज की डाग, हे ओळखायचं कसं? बाल्फोर वाचेल का? चवथीच्या तोंडावर नवा मागायची हिंमत होत नाही.

जुना सीएसएसडीवाला, फोंडा:
बाय, (सीएसएसडी म्हणजे हॉस्पिटलातली हत्यारं निर्जंतुक करायचा विभाग, तिथलाच मी.) पाण्याच्या आधी ती हायपोची बादली बघ. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. वर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो. क्लोरीन तोच थर फोडतं. सलाईन आणि सुकलेलं रक्तही तेच करतं, फक्त हळू. धुण्याआधी सामान क्लोरीनमध्ये भिजवू नका, असं डब्ल्यूएचओच्या २०१६ च्या पुस्तिकेतही आहे. रक्त सुकू नये म्हणून ओलं फडकं टाकून ठेव आणि लगेच एन्झाइमच्या पाण्यात घाल. घासताना हातात जाड ग्लोव्ह हवेतच.

ओळखायचं कसं? साधं पेन्सिलीचं खोडरबर घे आणि ठिपका घास. गेला आणि खाली गुळगुळीत लागलं तर डाग. टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसला तर गंज आत शिरलाय. ते हत्यार ट्रेमधून काढ, कारण खड्ड्यात घाण अडकते आणि पुढे तिथूनच तडा जातो. बाल्फोर तुम्ही सुटा करून धुता का? बहुतेक नाही. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने कर.

मावशीचंही खरं आहे. कापड ओलं निघत असेल तर वाळवण्याची वेळ वाढवा. ओलं ते स्टराइल धरूच नये.

पेडणेकर:
सरकत्या भागाला खोबरेल चोळा, लोण्यासारखं चालेल.

जुना सीएसएसडीवाला, फोंडा:
खोबरेल शेवग्याच्या भाजीत घाला. तेलाच्या थराखाली वाफ पोचत नाही. हत्यारांसाठी पाण्यात मिसळणारं वंगण मिळतं, इन्स्ट्रुमेंट मिल्क, ते वापरायचं.

धागाकर्ती:
काका, लेकीच्या कंपासमधलं खोडरबर नेलं. लँगेनबेक, डॉयन दोन्ही साफ निघाले, म्हणजे ते डागच. बाल्फोर पहिल्यांदाच सुटा केला. मधल्या पात्याच्या स्क्रूखाली तीन खड्डे आहेत, नखाला लागतात. सरकायच्या दांड्यावर खड्डा नाही, नुसती घट्ट बसलेली घाण होती. ती निघाल्यावर पाती सरकतायत. आणि त्याच ट्रेमध्ये एक जुना टॉवेल क्लिप (ऑपरेशनचं कापड अडकवायचा चिमटा) सापडला. क्रोमचा मुलामा उडालेला, आत लालभडक. त्याचा गंज बाकीच्यांना लागला असेल का?

जुना सीएसएसडीवाला, फोंडा:
लागतो तर! वाफेत एकाचा गंज दुसऱ्यावर बसतो. तो क्लिप आजच काढ. बाल्फोरचं मधलं पातं सुटं मिळतं का ते आधी विचार, अख्खा नवा मागू नकोस. जुनं पातं दुकानदाराला दाखवायला ने, माप चुकलं तर बसणार नाही. आणि सरांना ते तीन खड्डे भिंगातून दाखव.

धागाकर्ती:
दाखवते. इन्स्ट्रुमेंट मिल्क म्हापशात किंवा पणजीत लहान बाटलीत कुठे मिळेल? पाच लिटरचा कॅन आमच्याकडे दोन वर्षं पुरेल.