मारिया इरेने फोर्नेस : ब्रॉडवेबाहेर राहिल्या, की ठेवल्या गेल्या?

तिसरी_घंटा :
क्यूबात जन्मलेल्या, 1945 साली न्यूयॉर्कला आलेल्या या नाटककार बाईंबद्दल लिहिताना ‘उपेक्षित’ हा शब्द हमखास येतो. मला तो पटत नाही. नऊ ओबी पुरस्कार मिळवणाऱ्या बाई उपेक्षित कशा? उलट ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, रुळल्या असत्या तर त्यांचं ‘फेफू अँड हर फ्रेंड्स’ (1977) झालंच नसतं. न्यूयॉर्कच्या सोहो भागातली एक जागा प्रयोगासाठी बघायला गेल्या आणि तिथल्या खोल्या पाहून नाटकाचा मधला भाग चार ठिकाणी एकाच वेळी करायचं ठरवलं : हिरवळ, अभ्यासिका, शयनगृह, स्वयंपाकघर. प्रेक्षकांचे चार गट फिरत राहतात, नट्या तोच प्रवेश चारदा करतात. सू स्वयंपाकघरातून सूप घेऊन निघते, आजारी ज्यूलियाच्या खोलीत पोचते. एक गट तिला जाताना बघतो, दुसरा येताना. हजार खुर्च्यांच्या थिएटरात हे करून दाखवा!

पडद्यामागची :
साफ असहमत. ओबी हा ऑफ आणि ऑफ-ऑफ-ब्रॉडवेचा, म्हणजे ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या थिएटरांतल्या नाटकांचा मान. मान मोठाच, पण त्यावर घर चालत नाही. आणि ब्रॉडवे नकोच होतं हे कशावरून? 1966 मध्ये बाईंचं ‘द ऑफिस’ तिथेच आलं होतं, दिग्दर्शक साक्षात ‘वेस्ट साइड स्टोरी’वाले जेरोम रॉबिन्स. अधिकृत शुभारंभाआधीच बंद पडलं. प्रायोगिकवाल्यांच्या ओढाताणीचं कौतुक मला सहन होत नाही. चार खोल्यांचं म्हणाल, तर पुढे बाईंनीच ‘फेफू’चा एकाच नेपथ्यात बसणारी संहिता तयार केली.

तिसरी_घंटा :
‘द ऑफिस’ तर माझ्याच बाजूने बोलतं. त्यानंतर बाई स्वतःची नाटकं स्वतः बसवू लागल्या. ‘मड’, ‘द कंडक्ट ऑफ लाइफ’ बघा : छोटे, तुटक प्रवेश, मध्येच अंधार. एवढी मोकळीक कुठला ब्रॉडवेचा निर्माता देतो?

संहिता७७ :
तुम्ही दोघं इंतारला विसरलात. 1981 पासून न्यूयॉर्कच्या या संस्थेत बाईंनी लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळांच्या) नाटककारांची कार्यशाळा चालवली. आधी योगासनं, मग डोळे मिटून पात्र बघायचं, मग लिहायचं. लेखिका सुसान सॉन्टॅगला लिहायला बसवण्यासाठी पाककृतीचं पुस्तक उघडून त्यातल्या शब्दांवर लिहू लागलेल्या बाई त्या, शिकवण्याची पद्धतही तशीच. चेरी मोरागा, मिग्डालिया क्रूझ, निलो क्रूझ तिथलेच. निलोला 2003 चं पुलित्झर मिळालं. बाई 1990 साली अंतिम यादीपर्यंतच पोचल्या. माझ्या लेखी ही कार्यशाळा त्यांच्या कुठल्याही नाटकाइतकीच मोठी.

पडद्यामागची :
मोठी आहेच. पण त्यात गेलेल्या वर्षांत आणखी किती नाटकं झाली असती, याची हळहळ मला वाटते. 2018 मध्ये बाई गेल्या. जेमतेम वर्षभराने ब्रुकलिनच्या एका भक्कम, सुसज्ज थिएटरात ‘फेफू’ झालं, आणि प्रेक्षक चार गटांत फिरले. म्हणजे हाताशी साधनं असली की प्रयोगाची धार जाते, हे खरं नाही. ती साधनं बाईंच्या हयातीत का मिळाली नाहीत, एवढंच मी विचारतेय.